झाकणाच्या आतला कागद

पार्सल इंग्लंडहून आलं होतं. बबल रॅप सोडवता सोडवता टेबलावर ढीग झाला आणि शेवटी आतून धातूच्या दोन लांबट, अरुंद पेट्या निघाल्या. आकाराच्या मानाने चांगल्याच जड. पुढे एकही बटण नाही, माइक लावायला सॉकेट नाही, मेन्सची वायर नाही. मागच्या बाजूला पुष्कळ पिनांचा एक प्लग तेवढा. स्टुडिओचा मालक म्हणाला, “काका, या दोन्ही रॅकमध्ये बसवून द्या. पुढच्या महिन्यात ख्यालगायनाचं रेकॉर्डिंग आहे. गळा यांच्यातूनच घ्यायचाय.”

काकांनी एक पेटी उचलून वजन अजमावलं, चष्मा कपाळावर सरकवून प्लगच्या पिना पाहिल्या. “महिना पुरायचा नाही,” ते म्हणाले. “सव्वा महिना धर.”

पुण्यात कोथरूडमधल्या एका जुन्या सोसायटीच्या पार्किंगला लागून काकांचं दुकान आहे. सुरुवातीची कित्येक वर्षं त्यांनी मांडववाल्यांचे अँप्लिफायर दुरुस्त केले. मग एका रेकॉर्डिस्टने टेप मशीन आणून दिलं, ते चाललं, आणि हळूहळू स्टुडिओवाले येऊ लागले. आता हाताखाली इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालेली एक मुलगी आहे आणि निम्मं काम एकाच प्रकारचं आहे: सुटे माइक प्रीअँप रॅकमध्ये बसवणं आणि बसवताना त्यांत फेरफार करणं.

माइकमधून निघणारा विद्युतसंकेत फार क्षीण असतो. साध्या डायनॅमिक माइकसमोर मोठ्याने बोललं तरी एखाद-दोन मिलिव्होल्ट हाती लागतात. तो संकेत रेकॉर्डिंगच्या यंत्रणेला पेलेल इतका वाढवणं हे प्रीअँपचं काम. ६० डेसिबल गेन म्हणजे व्होल्टेज हजारपट. एकदा हजारपट करायचं म्हटलं की गाण्याबरोबर वायरीत शिरलेली खरखर, मेन्सची गुणगुण, शेजारच्या मोबाइलची टर्रटर्र, सगळंच हजारपट होतं. या धंद्यातली सगळी काळजी इथून सुरू होते.

पूर्वी हे अँप्लिफायर मोठ्या कन्सोलचाच भाग असत. मुंबईत राजकमल, मेहबूब, फिल्म सेंटर अशा ठिकाणी गायक आणि अख्खा वाद्यवृंद एकत्र बसवून रेकॉर्डिंग होई, त्या काळात मोठ्या स्टुडिओत यंत्रांच्या देखभालीला माणूस असे. कुठली वायर कुठे जाते हे त्याच्या डोक्यात असे. आताचा स्टुडिओ दोन खोल्यांचा. मिक्सिंग संगणकावर होतं, कन्सोल लागत नाही, देखभालीचा माणूस तर नाहीच. मालकाला एक-दोन चांगले प्रीअँप हवे असतात, आणि ते जुन्या कन्सोलमधून उपटलेले, रेडिओ केंद्रातून निकालात निघालेले किंवा टेबलावर ठेवायच्या डबीच्या आकाराचे, असे कसेही मिळतात. त्यांना एका घरात आणायचं तर ते घर रॅकचं. रुंदी १९ इंच, म्हणजे ४८२.६ मिलिमीटर, उंची ‘यू’मध्ये मोजायची, एक यू म्हणजे पावणेदोन इंच, ४४.४५ मिलिमीटर. टेलिफोन एक्स्चेंजच्या काळापासून चालत आलेलं हे माप आज जगभर एकच आहे. पुण्यात बसवलेली पेटी बर्लिनच्या रॅकमध्ये तशीच बसते.

पार्सलमधून आलेली मॉड्यूलं नीव्ह कंपनीची होती, क्रमांक १२७२. रूपर्ट नीव्ह १९२६ मध्ये इंग्लंडात जन्मले, २०२१ मध्ये गेले. १९७० मध्ये लंडनच्या वेसेक्स स्टुडिओच्या कन्सोलसाठी त्यांनी १०७३ हे मॉड्यूल बनवलं, आणि आजही प्रीअँप म्हटलं की रेकॉर्डिस्ट त्याचं नाव आधी घेतात. १२७२ हे त्याचं साधं भावंड. ते माइकसाठी नव्हतंच; कन्सोलच्या आत एकत्र झालेला आवाज पुढे ढकलायला होतं. पण त्यातलं बीए२८३ हे कार्ड १०७३ मध्येही आहे. जुने कन्सोल मोडले गेले तेव्हा हे कुणाच्या तरी ध्यानात आलं. गेनचा स्विच, फँटम पॉवर, पोलॅरिटीचं बटण आणि २४ व्होल्टचा पुरवठा दिला की १२७२ चा माइक प्रीअँप होतो. अमेरिकेत ब्रेंट अॅव्हरिल यांनी अशा पेट्या बनवून त्यावर व्यवसाय उभा केला.

काकांना एक गोष्ट मात्र मनापासून खटकते. चालता कन्सोल मोडून त्याची मॉड्यूलं सुटी विकणं त्यांना पटत नाही. लॉस एंजेलिसच्या साउंड सिटी स्टुडिओतला नीव्ह ८०२८ कन्सोल डेव्ह ग्रोल या संगीतकाराने अख्खा विकत घेतला, स्वतःच्या स्टुडिओत नेऊन चालू ठेवला आणि २०१३ मध्ये त्यावर माहितीपट काढला. तो माहितीपट त्यांनी दुकानात लॅपटॉपवर त्या मुलीला दाखवला होता. मोडलेलं जे दारात येतं ते ते नीट करतात. पण कुणी “कन्सोल मोडायचाय, मदत करा” म्हणालं तर नाही म्हणतात.

मुलीचा हात सोल्डरिंग गनकडे गेला होता. “काका, सगळे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदलूनच टाकू ना? पन्नास वर्षांचे आहेत.”

“आधी मोजलंस?”

मोजायचं म्हणजे काय, हे दुकानात ठरलेलं आहे. जुनं मॉड्यूल थेट पूर्ण व्होल्टेजवर कधी लावायचं नाही. टेबलावरच्या पॉवर सप्लायला करंटची मर्यादा घालायची आणि व्होल्टेज हळूहळू चढवायचं. मेन्सवर चालणारी पेटी असेल तर सिरीज बोर्ड. पुण्यातल्या कुठल्याही रेडिओ मेकॅनिकच्या टेबलावर असतो तसा, बल्बच्या मालिकेत लावलेला. आत शॉर्ट असेल तर बल्ब भगभगीत पेटतो आणि यंत्र वाचतं. पहिलं मॉड्यूल २४ व्होल्टपर्यंत शांतपणे गेलं, शंभर मिलिअँपिअरच्या आसपास स्थिरावलं. दुसऱ्याने ९ व्होल्टलाच मर्यादा गाठली. शोध घेतल्यावर एक टँटलम कपॅसिटर आतून शॉर्ट निघाला. टँटलम म्हातारा झाला की असाच जातो. तेवढा बदलला, मॉड्यूल जिवंत झालं. इलेक्ट्रोलिटिकपैकी जे मोजल्यावर कमी भरले किंवा ज्यांचा अंतर्गत रोध वाढला होता ते बदलले. जे ठीक होते त्यांना हात लावला नाही.

हा काकांचा हट्ट आहे आणि त्यामागे अनुभव आहे. मागे एक पेटी आली होती, दुसऱ्या कुणीतरी रॅक केलेली. बाहेरून देखणी. आत सगळ्या वायरी एकाच लाल रंगाच्या, जोडांवर ग्लू गनचा गोंद, कार्डावरचे मूळ भाग काढून त्यांच्या जागी महागडे पण मापात न बसणारे कपॅसिटर उभे करून चिकटवलेले. कुठेही नोंद नाही. एक चॅनल बंद होता. दुरुस्ती वीस मिनिटांची निघाली. पण कुठली वायर कुठे जाते हे कळायला तीन दिवस गेले. गोंद खरवडताना कार्डावरची तांब्याची एक वाट उखडली, तीही जोडावी लागली. त्या तीन दिवसांनंतर काकांनी दुकानाचा नियम केला: पेटी अशी बनवायची की पुढे ती उघडणाऱ्याला आपल्याला फोन करावा लागू नये.

पत्र्याचं काम भोसरीच्या एमआयडीसीत होतं. ड्रॉइंग दिलं की लेझरने कापून, वाकवून, पावडर कोटिंग करून मिळतं. बाहेरून पाहणाऱ्याला हे काम हलकं वाटतं. काकांच्या मते निम्मे बिघाड इथेच जन्माला येतात. पुढची पट्टी तीन मिलिमीटर अॅल्युमिनियमची असली तरी आत ट्रान्सफॉर्मरचं वजन असेल तर चार स्क्रूंवर ती लोंबते. स्टुडिओ हलवताना टेम्पोच्या धक्क्यांनी वाकते. म्हणून मागून आधार लागतोच. पट्टीची उंची पूर्ण ४४.४५ ठेवली तर वरखालच्या पेट्यांना घासते, अर्धा-पाऊण मिलिमीटर कमी ठेवावी लागते. डबा लोखंडी पत्र्याचा असेल तर तो चुंबकीय क्षेत्र थोडं तरी अडवतो, अॅल्युमिनियम अडवत नाही. रॅकमध्ये खाली पॉवर अँप्लिफायर असेल तर हा फरक कानाला कळतो.

आणि रंग. पावडर कोटिंग वीज वाहून नेत नाही, अॅनोडायझिंगही नेत नाही. सुंदर काळ्या रंगात आलेल्या एका डब्याच्या पुढच्या पट्टीला हात लावला की भुणभुण सुरू व्हायची. पट्टी दोन्ही बाजूंनी रंगवलेली असल्याने बाकीच्या डब्याशी तिचा विद्युतसंबंधच नव्हता. स्क्रूच्या जागी आतून रंग खरवडून दातेरी स्टार वॉशर घातले, भुणभुण गेली. तेव्हापासून भोसरीला जाणाऱ्या ड्रॉइंगवर अर्थिंगच्या जागा लाल वर्तुळाने दाखवलेल्या असतात: इथे रंग नको.

अर्थिंगबद्दल काका फार कडक बोलतात. गुणगुण येते म्हणून थ्री-पिनची मोठी पिन कापणारे, किंवा तिची वायर सोडवून ठेवणारे स्टुडिओ त्यांनी पाहिले आहेत. असं यंत्र ते दुरुस्तीला घेतात, पण अर्थ परत जोडल्याशिवाय देत नाहीत. गायिका माइकच्या जाळीला ओठ टेकवून गाते. त्या जाळीपासून केबलच्या शील्डने रॅकपर्यंत एकच धातू असतो. गुणगुणीचं कारण शोधावं, अर्थ तोडू नये.

कारण शोधायची रीतही आहे. स्पेक्ट्रमवर टेकाड ५० हर्ट्झला असेल तर संशय ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रावर किंवा अर्थच्या वळशावर; १०० हर्ट्झला असेल तर रेक्टिफायर आणि फिल्टरवर. मोबाइलची टर्रटर्र २१७ हर्ट्झच्या आसपास आणि तिच्या पटींत येते आणि बहुतेक वेळा माइकच्या एक्सएलआर सॉकेटच्या एक नंबर पिनेतून शिरते. ही पिन शील्डची. कित्येक पेट्यांमध्ये ती लांब वायरीने कार्डाच्या ग्राउंडला जोडलेली असते, त्यामुळे शील्डने गोळा केलेली सगळी घाण थेट अँप्लिफायरच्या पोटात जाते. नील मन्सी यांनी १९९५ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या जर्नलमध्ये यावर सविस्तर लिहिलं. उपाय साधा आहे: पिन सॉकेटपाशीच, आखूडात आखूड वायरीने, डब्याच्या पत्र्याला जोडायची. शेकडो रुपयांचे कपॅसिटर बदलूनही जे साधत नाही ते या बोटभर वायरीने साधतं, असा काकांचा अनुभव आहे.

नीव्हच्या पेटीसाठी पॉवर सप्लाय वेगळ्या डब्यात काढायचा असं ठरलं. मेन्सचा ट्रान्सफॉर्मर इनपुट ट्रान्सफॉर्मरपासून जितका दूर तितकं बरं. दोन डब्यांमधली केबल कशी असावी यावर मुलीने विचार केला आणि स्टॉकमधला तीन पिनांचा एक्सएलआर काढला. काकांनी तो परत ठेवायला लावला. रॅकच्या मागे अंधारात कुणीतरी एक दिवस २४ व्होल्टची ती केबल माइकच्या सॉकेटमध्ये खुपसणार. जो कनेक्टर दुसरीकडे कुठेच बसणार नाही असाच तिथे हवा.

पॉवर सप्लायचा डबा तिने एकटीने बांधला. ट्रान्सफॉर्मर टोरॉइडल, मेदूवड्यासारखा गोल, मधल्या भोकातून एक लांब बोल्ट. उघड्या डब्यात सगळं ठीक चाललं, व्होल्टेज बरोबर, तापमान बरोबर. झाकणाचे सहा स्क्रू आवळले आणि स्विच दाबला तर ट्रान्सफॉर्मर घुरघुरला, दोन क्षणांत फ्यूज गेला. झाकण काढलं, नवा फ्यूज घातला, चालू. झाकण लावलं, फ्यूज गेला. तिने तीनदा करून पाहिलं आणि मग काकांकडे आली. ते काही बोलले नाहीत. झाकणाच्या आतल्या बाजूवर बोट फिरवलं आणि बरोबर मध्यभागी एक बारीक चकाकती खूण दाखवली. बोल्ट पाच मिलिमीटर जास्त लांब होता. त्याचं टोक झाकणाला टेकत होतं. बोल्ट, झाकण, डब्याची बाजू आणि तळ मिळून गाभ्याभोवती तांब्याऐवजी लोखंडाचा एक वेढा तयार झाला होता, दोन्ही टोकं जोडलेला, पूर्ण शॉर्ट. व्होल्टेज नगण्य, पण रोधही जवळपास शून्य, त्यामुळे त्यातून प्रचंड प्रवाह. बोल्ट कापला, टोकावर रबराची टोपी घातली. हा प्रकार पुस्तकात एका ओळीत असतो, ती ओळ तिने वाचलीही होती. आता ती विसरणार नाही.

टोरॉइडची आणखी एक गंमत आहे. तो बोल्टवर सैल ठेवून थोडा थोडा फिरवला की त्याचं सांडणारं क्षेत्र दिशा बदलतं आणि एका कोनात गुणगुण सर्वांत कमी होते. दोन डबे रॅकमध्ये जसे बसणार तसेच ठेवून, हेडफोन लावून, तिने तो कोन शोधला आणि मगच नट आवळला. त्या कोनाची खूण तळाच्या पत्र्यावर मार्करने केलेली आहे.

फँटम पॉवर, म्हणजे माइकला त्याच्याच केबलमधून मिळणारी वीज, ४८ व्होल्टची. हा आकडा १९६६ मधल्या एका कामातून आला: न्यूमन कंपनीने नॉर्वेच्या सरकारी रेडिओसाठी केएम ८४ हा माइक बनवला, आणि तिथल्या स्टुडिओत आणीबाणीच्या दिव्यांसाठी ४८ व्होल्टची सोय आधीच होती. ही वीज दोन सारख्या रोधकांमधून माइकच्या दोन्ही तारांवर जाते. किंमत प्रत्येकी ६.८ किलोओहमच्या आसपास, पण महत्त्वाचं आहे ते दोघांचं सारखेपण: प्रमाणकानुसार फरक ०.४ टक्क्यांच्या आत, म्हणजे सत्तावीस ओहमच्या आत हवा. नाहीतर केबलमध्ये दोन्ही तारांवर सारखी शिरलेली गुणगुण एकमेकींना पूर्ण छेदत नाही. इतक्या अचूक जोड्या पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळत नाहीत, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरही शोधाव्या लागतात. मग काका एक टक्क्याचे शंभर रोधक घेतात आणि मुलगी दुपारभर मीटर लावून जोड्या जुळवते. चार रोधकांसाठी शंभर मोजायचे. उरलेले पुढच्या कामाला.

गेनसाठी पॉटेन्शिओमीटर नको, पाच-पाच डेसिबलच्या टप्प्यांचा रोटरी स्विच हवा, हे मालकालाही पटलं. १०७३ वर टप्पे पाचाचेच आहेत. दोन माइक लावून तबला किंवा संतूर घ्यायचं तर दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या हव्यात, आणि आठ दिवसांनी तेच गाणं पुढे न्यायचं तर गेन नेमका तिथेच परत आणता आला पाहिजे.

ख्यालाच्या रेकॉर्डिंगमध्ये प्रीअँपची खरी परीक्षा तानपुरा घेतो. तबल्याला थोडा गेन पुरतो. तानपुऱ्याची जवारी, तार सुटल्यानंतर उमलत जाणारे ते सूर टिपायचे तर गेन खूप वाढवावा लागतो, आणि मग सरसर ऐकू येऊ लागते. तिलाही निसर्गाने घातलेली सीमा आहे. १५० ओहमचा साधा रोधक, नुसता टेबलावर पडलेला, खोलीच्या तापमानामुळे स्वतःच आवाज करतो. २० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात तो उणे १३१ डीबीयूच्या आसपास भरतो. कुठलाही प्रीअँप याच्या खाली जाऊ शकत नाही. काकांच्या खणात एक्सएलआर प्लगच्या पोटात हाच रोधक सोल्डर करून ठेवलेला आहे. प्रत्येक पेटी आली की आधी तो लावून मोजायचं, काम झालं की पुन्हा मोजायचं. दोन्ही आकडे वहीत. फेरफार चांगला झाला की वाईट, हे वहीला विचारायचं.

मुलीने एकदा विचारलं, नीव्हचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर फार महाग आहे, पुण्यातच गुंडाळून घेतला तर? काकांनी कार्डाचा नकाशा पुढे ओढला. ही शेवटची पायरी क्लास ए आहे, ट्रान्झिस्टरचा स्थिर प्रवाह ट्रान्सफॉर्मरच्या वेढ्यांमधून सतत वाहतो. साध्या ट्रान्सफॉर्मरचा गाभा त्या प्रवाहानेच तृप्त होऊन बसेल, गाण्याला जागा उरणार नाही. म्हणून मूळ गाभ्यात मुद्दाम फट ठेवलेली असते. फट सोडून गुंडाळणारा माणूस मिळाला तर करू, नाहीतर नाही.

त्याच ट्रान्सफॉर्मरची आणखी एक गरज समोर आली. तो ज्या काळात बनला तेव्हा पुढचं यंत्र ६०० ओहमचं असे. आजच्या, आवाज संगणकात नेणाऱ्या कन्व्हर्टरचा इनपुट दहा हजार ओहम किंवा त्याहून जास्त. भार नसलेल्या ट्रान्सफॉर्मरला चौकोनी लहर दिली तर ऑसिलोस्कोपवर तिच्या कोपऱ्याला शिंगं फुटतात आणि ती थरथरत विरतात. आउटपुटवर ६२० ओहमचा रोधक आडवा टाकला की शिंगं जातात. मालकाला दोन्ही आवाज ऐकवले. त्याला गायकीसाठी रोधकासह आवडला, गिटारसाठी बिनारोधकाचा. मागच्या बाजूला छोटा स्विच दिला.

सगळीच कामं अशी मानाची नसतात. महाविद्यालयात शिकणारा एक मुलगा व्हॉल्व्हचे दोन स्वस्त प्रीअँप घेऊन आला. दोन्ही एका ट्रेवर बसवून हवे होते आणि “आवाज मोठ्या स्टुडिओसारखा” हवा होता. ट्रे सोपा होता. आवाजासाठी त्याने स्वतःच टीएल०७२ ही मूळ चिप काढून एनई५५३२ बसवली होती. ही नवी चिप कमी गोंगाटाची म्हणून नावाजलेली आहे आणि ते खरंही आहे. पण टीएल०७२ ला सुमारे तीन मिलिअँपिअर पुरतात, ५५३२ ला आठ लागतात. डबीतला छोटा रेग्युलेटर तापू लागला होता. शिवाय ५५३२ च्या इनपुटमधून थोडा स्थिर प्रवाह वाहतो, तो पॉटच्या सरकत्या स्पर्शातून गेला की बटण फिरवताना कर्रकर्र होते. काकांनी मूळ चिप परत बसवली. व्हॉल्व्ह मात्र बदलून दिला. मूळच्या १२एएक्स७ चा वर्धनांक १००, त्याजागी बसवलेल्या १२एयू७ चा विशीच्या आत, पिना त्याच. त्याच्या खोलीत ड्रम आणि गिटारच्या अँप्लिफायरचं रेकॉर्डिंग व्हायचं, तिथे गेन उतू जात होता. नवा व्हॉल्व्ह तीनशे-चारशे रुपयांत झाला नसता, पण काकांच्या खणात जुना होता. ट्रेचे आणि मजुरीचे पैसे घेतले, व्हॉल्व्हचे घेतले नाहीत.

जर्मन व्ही७२ एकदाच हाताखालून गेला. रेडिओ केंद्रांसाठी बनलेला व्हॉल्व्हचा अँप्लिफायर, आत ईएफ८०४एस जातीचे दोन व्हॉल्व्ह, गेन ३४ डेसिबल, तोही कमी-जास्त करायची सोय नाही. याचीच ४० डेसिबलची आवृत्ती, व्ही७२एस, ईएमआयच्या आरईडीडी.३७ कन्सोलमध्ये होती आणि बीटल्सची सुरुवातीची गाणी तिच्यातून गेली. आलेला नग २२० व्होल्टचा होता. पुण्यात रात्री मेन्स २४० पर्यंत चढतं, त्यावर ६.३ व्होल्टचा हीटर पावणेसातच्या पुढे जातो, आणि हे व्हॉल्व्ह आता सहज मिळत नाहीत. १८ व्होल्टचा छोटा ट्रान्सफॉर्मर मेन्सला उलट्या दिशेने जोडून काकांनी व्होल्टेज तेवढं उतरवलं. पेटीच्या आत एकही भाग बदलला नाही. गेनसाठी आउटपुटला बाहेरून अॅटेन्युएटर दिला, इनपुटला पॅड. या कामात मुलीला त्यांनी एकच गोष्ट रोज नव्याने सांगितली: प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये दोनशेच्या वर व्होल्ट राहतात. रोधकातून रिकामे करायचे, मीटरने खात्री करायची, मग हात घालायचा, तोही एकच, दुसरा खिशात.

सव्वा महिन्याचं काम पस्तीस दिवसांत झालं. स्टुडिओत नेल्यावर रेकॉर्डिस्टने ते जुन्या प्रीअँपशेजारी ऐकलं आणि लगेच म्हणाला, नवा जास्त भरीव आहे. काकांनी दोन्हींची पातळी मोजली. नवा जवळजवळ एक डेसिबल जोरात होता. इतका फरक कान मोठा म्हणून ओळखत नाही, चांगला म्हणून ओळखतो. पातळी एका दशांश डेसिबलच्या आत जुळवून, कुठला कुठला हे न सांगता पुन्हा ऐकवलं. या वेळी रेकॉर्डिस्ट बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, गळ्यावर फरक थोडा आहे, पण तानपुऱ्यावर नक्की आहे. काकांना हे उत्तर पहिल्यापेक्षा जास्त आवडलं.

रेकॉर्डिंगच्या आदल्या संध्याकाळी झाकण लावायच्या आधी मुलीने आतल्या बाजूला पारदर्शक पाकीट चिकटवलं. त्यात दुमडलेला एक कागद. त्यावर तिच्या अक्षरात, मराठीतून: पुरवठा २४ व्होल्ट, लाल धन, काळी ऋण, हिरवी डब्याला. फँटमच्या रोधकांच्या जोड्या, मोजलेल्या किमतींसह. बदललेला टँटलम कुठला, बदललेले इलेक्ट्रोलिटिक कुठले, न बदललेले कुठले. १५० ओहमवर मोजलेला गोंगाट, आधीचा आणि नंतरचा. शेवटच्या ओळीत सूचना: पॉवर सप्लायच्या डब्यातल्या ट्रान्सफॉर्मरचा बोल्ट बदलल्यास ३५ मिलिमीटरपेक्षा लांब घालू नये. कागदामागे एका पुडीत मूळ मॉड्यूलमधून काढलेले सगळे भाग आहेत, प्रत्येकावर नंबर टाकून.